शेरिफला बेड्या कोण घालणार?

मक्याच्या शेताच्या कडेला निवडणुकीची पाटी उभी होती: अमुकतमुक, कॉरोनर पदासाठी. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात नवीन होतो, वाचून हसूच आलं. मयताची चौकशी करणाऱ्यालाही मतं मागावी लागतात?

लागतात. 1816 च्या राज्यघटनेपासून इथे शेरिफ (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पोलिसप्रमुख) आणि कॉरोनर दोघंही काउंटीचे मतदारच निवडतात. आज अशा 92 काउंट्या आहेत. कॉरोनरचं पद मूळचं इंग्लंडचं, 1194 सालचं, आणि त्यामागे मेलेल्याचा कळवळा वगैरे काही नव्हता. राजाचा महसूल बुडू नये, एवढंच. गाडीखाली माणूस मेला तर गाडी सरकारजमा. (1846 पर्यंत हे चाललं. रेल्वे आली, इंजिनावर पाळी आली, मग कायदा गेला.)

इंडियानात कॉरोनर डॉक्टर असावा अशी अट नाही. खेड्यापाड्यांत बऱ्याचदा अंत्यविधीचा व्यवसाय करणाराच निवडून येतो. शवविच्छेदन डॉक्टर करतो, पण ते करायचं का हे ठरवणार हा. मॅसॅच्युसेट्सने 1877 मध्येच हे पद मोडीत काढून डॉक्टर नेमले, ते उगाच नाही.

तरी एक कलम मला फार आवडतं. शेरिफच्या नावाने अटक वॉरंट निघालं तर ते बजावायचं कॉरोनरने. म्हणजे तो पोलिसांच्या हाताखालचा नाही.

डिसेंबर 2024 मध्ये परभणीत एक तरुण न्यायालयीन कोठडीत दगावला, तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद: पोलिसांची चौकशी पोलिसांनीच करायची का? कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते, ती सोय आहे. पण रस्त्यात, विहिरीत, बांधावर मेलेल्या माणसाचं काय? तिथे अकस्मात मृत्यूची नोंद पोलिसांची आणि पंचनामाही त्यांचाच. माझे मामा मोटारसायकलच्या अपघातात गेले तेव्हा हवालदारांनी समोरच्या टपरीवरून दोन पंच आणले. एकाच्या हातात चहाची किटली होती. ती खाली ठेवून त्याने सही केली, किटली उचलली आणि गेला. कागदावर ‘गाडी घसरून’ होतं. धडक कुणी दिली, हे मामी आजही विचारते.

मुंबईत कॉरोनर होता की! 1871 चा कायदा होता त्यासाठी. 1999 मध्ये पद रद्द केलं आणि काम पोलिसांकडे दिलं. ग्रुपवर हे लिहिलं, तर एकाचं उत्तर आलं, “मग काय, आता कॉरोनरचंही तिकीट वाटायचं?” बरोबर बोलला. निवडणूक नकोच. पगारी डॉक्टर हवा, आणि त्याची बदली-बढती गृहखात्याच्या हातात नको. मुंबईपुरता नाही, तालुक्यातसुद्धा.

नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्यांदा मत दिलं, तेव्हा कॉरोनरच्या रकान्यात एकच नाव होतं. आडनाव ओळखीचं वाटलं. घरी येताना चौकातल्या अंत्यविधीच्या दुकानाची पाटी वाचली, तेच होतं.