काळं झबलं, पांढरा हलवा

हैदराबादला नोकरीवर रुजू व्हायला निघताना लेकाने आपला कॅमेरा माझ्या हाती ठेवला. "आई, वापरत राहा. नुसता पडून राहिला तर लेन्सला बुरशी लागते." लोणच्याची बरणी सोपवावी तसा सोपवला. मीही तो लोणच्याच्याच काळजीने सांभाळला. कोरड्या हाताने उचलायचा, काम झालं की झाकण घट्ट लावायचं.

पहिले सहा महिने सुखाचे गेले. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चक्री असते आणि तिच्यावर एक हिरवं चिन्ह. चक्री तिथे आणून ठेवली की पुढचं सगळं तो बघतो, आपण फक्त "हसा" म्हणायचं. मग भावाच्या मुलाची पहिली संक्रांत जवळ आली आणि बोरन्हाणाचे फोटो मी काढणार, असं मीच जाहीर करून बसले. मला कोणी विचारलं नव्हतं, हे आमच्या घरी अजून अधूनमधून सांगितलं जातं.

रात्री लेकाला फोनवर ही बातमी दिली. तो म्हणाला, "ऑटोवर काढणार?"

विमानाचं तिकीट हातात असून मी मिरजेला शेअर रिक्षाने निघाले आहे, असा त्याचा सूर होता. मग म्हणाला, "ऑटोवरच काढायचे तर तुझा फोन काय वाईट आहे?" हे मात्र लागलं. मी माध्यमिक शाळेत बावीस वर्षं गणित शिकवते. आकड्यांचं मला कोणी सांगू नये. दुसऱ्या दिवशी चक्री हिरव्यावरून काढून 'एम'वर नेली. एम म्हणजे मॅन्युअल. आमच्या ह्यांच्या मते मनस्ताप.

फोनवर शिकवणी सुरू झाली. तीन गोष्टी सांभाळायच्या. लेन्सचं भोक किती उघडायचं ते अ‍ॅपर्चर, ते किती वेळ उघडं ठेवायचं तो शटर स्पीड आणि आलेल्या उजेडाला कॅमेऱ्याने किती फुगवून सांगायचं तो आयएसओ. तिसरी गोष्ट मला लगेच कळली, कारण माझी एक नणंद ६४०० आयएसओची आहे. थोडक्यात घडलेलं ती पुष्कळ उजळ करून सांगते, पण मग त्यात दाणे दिसायला लागतात.

अडलं ते अ‍ॅपर्चरपाशी. लेकाने आकडे सांगितले: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. त्यातला २.८ माझ्या ओळखीचा निघाला, कारण माझ्या बांगडीचं माप तेच. २.६ची चढत नाही, २.८ची सहज चढते. म्हणजे आकडा मोठा तसं भोक मोठं, हे मी चाळीस वर्षं हाताने अनुभवलेलं सत्य. त्या हिशोबाने २२ म्हणजे परातीएवढं असणार, म्हणून मी घरात २२ वर फोटो काढला. काळा आला. आणखी उजेड हवा म्हणून आणखी मोठा आकडा शोधला, तो लेन्समध्ये सापडला. फोटो आणखी काळा आला.

"आई, उलटं आहे ते. आकडा मोठा की भोक लहान."

"असं कुठे असतं?"

"एफ भागिले आठ, एफ भागिले सोळा. तो आकडा छेदात आहे."

फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. छेद मोठा तर अपूर्णांक लहान, हे न समजणाऱ्या किती मुलांना मी वर्गाबाहेर उभं केलं असेल, त्याचा हिशोब मनात चालू होता. त्यांच्यातल्या कोणाच्या हातात आता कॅमेरा असेल तर त्याला हे पहिल्या दिवशी कळलं असेल. अर्थात नंतर मी वही काढली आणि त्या आकड्यांचा सगळा गुंता सोडवला. प्रत्येक आकड्याला दोनच्या वर्गमुळाने गुणलं की पुढचा मिळतो आणि दर पायरीला भोकाचं क्षेत्रफळ निम्मं होतं. लेकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मला नव्हतं माहीत. मी नुसता फिरवतो." त्याचे फोटो चांगले येतात.

शटरची वेगळी तऱ्हा. कॅमेऱ्यात नुसतं २५० लिहिलेलं असतं, ते वाचायचं एक छेद अडीचशे सेकंद. पण २ वर दोन टिकल्या दिसल्या तर ते पूर्ण दोन सेकंद. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीसाठी टिकल्या! ह्यांचा अंगणातला एक फोटो मी भर दुपारी त्या टिकल्यांवर काढला आहे. त्यात नुसतं पांढरं आहे. डाव्या कोपऱ्यात जास्वंदीची फांदी असावी, असा एक संशय येतो. ह्यांचं म्हणणं, साठी जवळ आली की माणूस असाच दिसेनासा होतो.

वडिलांकडे क्लिक थ्री नावाचा डबा-कॅमेरा होता. त्यात ऊन की ढग एवढंच ठरवायचं. एका रोलमध्ये १२ फोटो, पैकी ११ व्यवस्थित यायचे आणि बाराव्यात वडिलांचं बोट यायचं. मी दोन दिवसांत तीनशे फोटो काढले होते. एकातही बोट नव्हतं. दाखवण्यासारखं दुसरंही काही नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत आटपाडीकडे मावशीच्या गावी गेलो. तिथे हात साफ करावा म्हणून आधी तिची म्हैस घेतली. कॅमेऱ्याच्या आत एक पट्टी असते, मध्ये शून्य, एका बाजूला अधिक, एका बाजूला वजा. काटा शून्यावर आला की उजेड बरोबर, असं मला शिकवलं होतं. तेलासारखी काळी, तुकतुकीत म्हैस. काटा अगदी शून्यावर आणून बटण दाबलं. फोटोत म्हैस राखाडी. वाटलं, धूळ असेल. मग शेजारच्या गोठ्यातला खिलार बैल घेतला, धुतलेल्या धोतरासारखा पांढरा. पुन्हा काटा शून्यावर. बैलही राखाडी.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, अशी आपली म्हण आहे. कॅमेऱ्याला गुणातलं काही कळत नाही, पण वाण मात्र त्याने दोघांना एकच लावला. मावशीला फोटो दाखवले तर ती म्हणाली, "ही कुणाची म्हस?"

लेकाने खुलासा केला. कॅमेऱ्यातला मीटर असं धरून चालतो की समोर जे काही आहे ते सरासरी करडं आहे. काळं दिसलं की त्याला वाटतं उजेड कमी पडला, तो वाढवायला सांगतो. पांढरं दिसलं की वाटतं जास्त झाला, तो कमी करायला सांगतो. म्हणून म्हशीला काटा वजाकडे ठेवायचा आणि बैलाला अधिककडे. थोडक्यात, शून्य हे उत्तर नव्हे. बावीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यावर हे पचायला जड जातं.

आता संक्रांतीचं बोरन्हाण डोळ्यांपुढे आणा. बाळाच्या अंगावर काळं झबलं आणि त्या काळ्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने: मुकुट, हार, बाजूबंद, वर बासरी. म्हैस आणि बैल एकाच पाटावर.

भावाकडे संध्याकाळी सहाला पंचवीस बायका आणि चाळीस मुलं जमली. बाळ पाटावर बसलं, औक्षण झालं. मी गुडघे टेकून समोर. मीटर सगळा झबल्यावर गेला आणि त्याचं ऐकून मी उजेड वाढवला. झबलं राखाडी झालं आणि हलव्याचे दागिने विरघळून बाळाच्या छातीवर भाताची मूद ठेवल्यासारखे दिसू लागले. "हलव्याकडे बघ, झबल्याला विसर," हा लेकाचा मंत्र आठवेपर्यंत भावजयीने मापटं उचललंसुद्धा. बोरं, चुरमुरे, शेंगा, उसाचे करवे, सगळं बाळाच्या डोक्यावरून खाली आलं. शटर ५००वर ठेवलं होतं, तर फोटो अंधारा आणि त्यावर शालीसारखे आडवे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे कित्येक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण जलद शटर बरोबर पकडतो. भावाच्या दिवाणखान्यातले दिवे त्यातलेच निघाले.

"पुन्हा एकदा घाला," मी म्हणाले.

मुलांनी बोरं खिशात घातली होती, ती परत मागावी लागली. शटर ५०वर आणलं. पट्टे गेले, उजेड छान आला, पण पडणाऱ्या चुरमुऱ्यांच्या शेवया झाल्या. बाळाच्या डोक्यावर कोणी खीर ओततंय, असा तो फोटो आहे.

"आणखी एकदा?"

यावर थोरली काकू कोपऱ्यातून म्हणाली, "आणि हिच्या मुलाच्या लग्नात अंतरपाट दोनदा धरायचा का गं?" बाळाने भोकाड पसरलं. बायका वाण घेऊन उठल्या.

पण मीही हार मानणारी नव्हे. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं, ही सवलत शास्त्राने माझ्यासारख्यांसाठीच ठेवली असणार. भावाला गाठलं, भावजयीला तिळाच्या वड्या पोचवल्या, काकूला काही कळवलंच नाही. रथसप्तमीच्या आदल्या रविवारी सकाळी अकरा वाजता बोरन्हाण दुसऱ्यांदा ठरलं, या वेळी गच्चीवर. उन्हात सगळं सोपं असतं. लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतका, हा जुन्या फोटोग्राफरांचा आडाखा. आयएसओ १०० म्हणजे १६ला १/१००. भोक तीन पायऱ्या मोठं करून ५.६ केलं, तर शटर तीन पायऱ्या जलद करून १/८००. मी हे रात्री वहीत मांडलं, ताळा करून पाहिला आणि पानाखाली दुहेरी रेघ मारली. मीटरकडे बघायचंच नाही, असं ठरवलं. त्याला काय, सगळं जग करडं.

बाळ पाटावर बसलं. भावजयीने मापटं उलटं केलं. मी एकदाच बटण दाबलं.

आला! झबलं काळं, हलवा पांढरा, मुकुटाचा दाणा न् दाणा वेगळा. आणि हवेत चुरमुरे थांबलेले. पन्नास-साठ तरी असतील, एकेक सुटा, पाऊस जागच्या जागी उभा राहिल्यासारखा. मध्ये एक बोर. बाळ मान वर करून, दोन्ही हात पसरून, तोंडाचा चंबू करून त्यांच्याकडे बघतंय. लेकाला पाठवला तर त्याचा पाच मिनिटांनी निरोप आला, "सेटिंग काय होतं?" हा निरोप मी जपून ठेवला आहे.

बारा बाय अठराची प्रत करायला फोटो आमच्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओत टाकला. चार दिवसांनी आणायला गेले तर मालक स्वतः उठून पुढे आला. फोटो पाकिटातून काढता काढता म्हणाला, "मॅडम, फोटो फर्स्टक्लास आहे. पण पांढरे ठिपके फार होते हो त्यात. लेन्सवर धूळ असेल तुमच्या. एक पोरगं अख्खी दुपार बसवून सगळे काढून घेतलेत. वेगळे पैसे नाही लावले."

तो फोटो आता भावाच्या दिवाणखान्यात फ्रेममध्ये आहे. काळं झबलं, पांढरा हलवा आणि वर स्वच्छ निळं आभाळ, ज्यात बाळ दोन्ही हात पसरून कशाकडे तरी बघतंय. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, काय बघतोय तो? काकू सांगते, विमान. बोर तेवढं शिल्लक आहे. ते नेमकं बाळाच्या कपाळापुढे आलेलं, म्हणून स्टुडिओतल्या पोराने तीट समजून राहू दिलं.