‘मेण ते मेण’ म्हणणाऱ्या ग्राहकाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा,

बाकी काही बोलण्याआधी एक विनंती. आईंचा हात सध्या मेणात घालू नका. आमच्याच नव्हे, कुणाच्याच. कारण पुढे सांगतो. फोड अजून असेल तर घरी फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

वाचणाऱ्या बाकीच्या मंडळींसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. दादांनी आईच्या आखडलेल्या बोटांसाठी आमच्याकडून २ किलो फिजिओचं मेण नेलं, म्हणजे वितळवून त्यात हात बुडवून शेकायचं मेण. लेबलवर ५२-५४ अंश लिहिलेलं. घरी मुलाने शाळेचा थर्मामीटर लावला तर ५८ झाले तरी पातेल्यात खडे शिल्लक. पुढे आईंच्या दोन बोटांना चटका बसला, संध्याकाळी फोड आले. पाकीट परत करायला आले तर काउंटरवरच्या पोराने ‘फोडलेलं घेत नाही’ म्हणून वाटेला लावलं. शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘मेण ते मेण, आकडे फक्त भाव वाढवायला. मेणबत्तीचं मेण दुप्पट दराने विकतात.’ आणि एक तारा.

काउंटरवरच्या वागण्याबद्दल माफी मागतो. भाजलं म्हणून कुणी सांगत असताना पाकीट फोडलंय की सीलबंद आहे हे बघायचं नसतं. पोरगा नवा आहे, पण ती चूक माझी, त्याला सांगायचं काम माझं होतं.

आता आकडा. प्रत्येक लॉटमधला एक तुकडा आम्ही तारीख टाकून डब्यात जपून ठेवतो. ही वडिलांची सवय. ते सायझिंगवाल्यांना, म्हणजे विणण्याआधी सुताला खळ देणाऱ्यांना, खळीत घालायला मेण द्यायचे, आणि मालावरून वाद झाला की बोलत बसायचे नाहीत, डबा उघडायचे. काल सकाळी मीही तेच केलं. तुमच्या लॉटचा तुकडा वितळवून रुंद काचेच्या नळीत ओतला. नळी एका मोठ्या बाटलीत अधांतरी, चारी बाजूंनी हवा राहील अशी, आणि बाटली माठातल्या पाण्यात. थर्मामीटरचा गोळा मेणाच्या मधोमध, काचेला कुठेही न टेकता. मेण ६५ पर्यंत तापवून घेतलेलं. मग दर १५ सेकंदांनी आकडा लिहायचा. ६१, ५९, ५७ असा पारा भराभर उतरतो. ५४ जवळ आला की अडखळतो. ५४.१, ५४, ५४, ५३.९, ५३.९, ५३.९. बाहेर गार पाणी आहे, उष्णता जातेच आहे, तरी पारा जागचा हलत नाही. गोठताना मेण आपल्या पोटातली उष्णता सोडतं, एका ग्रॅममागे साधारण २०० ज्यूल. ती निघून जाईपर्यंत पारा तिथंच रेंगाळतो. ज्या आकड्यावर तो रेंगाळतो, तो पॅराफिनचा द्रवणांक. हा आकडा मेण तापताना नाही, निवताना घेतात.

तुमच्या मुलाने पातेलं गॅसवर असताना मोजलं. तळ तापलेला, वर खडे तसेच. थर्मामीटर तळाला टेकला की तो पातेल्याचा आकडा सांगायला लागतो. त्यात पॅराफिन हा बर्फासारखा एकच पदार्थ नाही, लहानमोठ्या साखळ्यांच्या हायड्रोकार्बनांची ती खिचडी आहे. आखूड साखळ्यांचे रेणू आधी सुटतात, लांब साखळ्यांचे मागाहून. म्हणून ते एका ठिकाणी खटकन वितळत नाही, दोन-चार अंशांत पसरून वितळतं. मुलगा खोटं बोलला नाही. त्याने दुसरंच काहीतरी मोजलं, एवढंच. उलट पाकिटावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता थर्मामीटर काढणारं पोर मला आवडलं.

त्याला सांगा, थर्मामीटर आधी बर्फाच्या चुऱ्यात धरून शून्य दाखवतो का ते बघ. उकळत्या पाण्यात मात्र तो १०० दाखवणार नाही, ९८.५ च्या आसपास थांबेल. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, इथं पाणी जरा आधीच उकळतं. बिघडला म्हणून फेकू नकोस. आणि शाळेत करून बघायचं असेल तर औषधवाल्यांची वेगळी, तापवून मोजायची रीत आहे. दोन्ही टोकं उघडी असलेल्या बारीक केशनळीत पातळ मेण ओढून घ्यायचं, एक दिवस गार ठेवायचं, नळी थर्मामीटरला बांधून पाण्यात अगदी हळू तापवायची. ज्या अंशाला मेणाची कांडी नळीत सुटून वर चढते, तो आकडा. घाई केली की आकडा चुकतो.

‘मेण ते मेण’ हे तुमचं वाक्य निम्मं खरं आहे. मेणबत्तीचं आणि हे, दोन्ही पॅराफिनच, दोन्ही कच्च्या खनिज तेलातून निघालेलं. आमच्याकडे शेजारी शेजारी रचलेलं असतं. पण मेणबत्तीसाठी आम्ही ५८-६० चं देतो. ते सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखालीसुद्धा उभं राहिलं पाहिजे. त्यात हात घालायचा म्हटलं तर ते पातळ राहतं तेव्हाच हाताला सोसणार नाही इतकं गरम असतं. शेकासाठी कमी अंशाला वितळणारं, पूर्ण शुद्ध केलेलं, वास आणि रंग नसलेलं लागतं. फिजिओथेरपीवाले त्यात लिक्विड पॅराफिन, म्हणजे तेलासारखं पातळ पॅराफिन घालतात, पुष्कळ ठिकाणी ७ भाग मेणाला १ भाग, म्हणजे ते आणखी मऊ पडतं आणि कातडीवरून सोलून निघतं. पॅथॉलॉजी लॅबवाले आमच्याकडून ५६-५८ चं नेतात. बायॉप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे ३ ते ५ मायक्रॉनचे (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) काप काढायचे असतात. मेण फार मऊ असलं तर काप चुरगळतो, फार तापवावं लागलं तर तुकडाच कडक होतो. हाडातून रक्त येतं ते थांबवायचं मेण आणखी वेगळं. ते १८९२ मध्ये व्हिक्टर हॉर्स्ली या ब्रिटिश सर्जनने पुढे आणलं, मुख्यतः मधमाशीच्या मेणाचं, जे ६२ ते ६५ च्या दरम्यान वितळतं. ते बोटाने मळता येतं आणि शरीराच्या ३७ अंशांना वितळून वाहून जात नाही. आपल्याकडचे वैद्य तेच पोळ्याचं मेण तिळाच्या तेलात घालून सिक्थतैल करतात, भेगांना लावायला. सगळी मेणंच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

दराबद्दल बोलायचं तर दुप्पट नाही, दीडपटीच्या जरा वर आहे. तेवढं शुद्धीकरणाचं आणि किलो-किलोचं पॅकिंग करण्याचं. महाग वाटत असेल तर मला वाद घालायचा नाही.

आता चटका. ५३-५४ अंशांच्या पाण्यात हात धरवत नाही, मग मेणात कसा धरवतो हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं. एवढ्याच अंशाला मेणात पाण्याच्या निम्म्याच्या आसपास उष्णता साठते, आणि ती कातडीला पोचतेही हळू. शिवाय पहिल्या बुडीला कातडीला लागलेला थर लगेच गोठतो आणि हातमोज्यासारखा मध्ये येतो. पण हे सगळं मेण गोठायच्या बेतात असेल तेव्हाच. तुम्ही खडे संपेपर्यंत गॅस चालू ठेवला आणि खडे संपताच हात घातला, असं तुमच्याच लिहिण्यावरून दिसतं. त्या क्षणी पातेल्यातलं मेण ६०-६५ ला असू शकतं. तिथं तो मेणाचा हातमोजा तयार व्हायच्या आधीच कातडी भाजते.

बरोबर रीत अशी, आणि ती आम्ही लेबलवर लिहिली नव्हती. मेण थेट गॅसवर ठेवायचं नाही, पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून वितळवायचं, मेणात पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही. पूर्ण वितळलं की खाली उतरवून थांबायचं. आधी कडेने पांढरी रेघ येते, मग दुधावर धरते तशी साय. साय धरली तरी थर्मामीटर घालून ५४ च्या खाली आहे हे बघायचं, आणि घरातल्या धडधाकट माणसाने आधी स्वतःचं बोट बुडवायचं. अंगठ्या, बांगड्या काढून हात धुऊन अगदी कोरडा करायचा. बोटं पसरून, तळाला-कडेला न लावता एक बुडी, बाहेर काढून थर पांढरा होईपर्यंत थांबायचं, पुन्हा बुडी, असं ६ ते १० वेळा. दुसऱ्या बुडीपासून हात पहिल्या रेषेच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर गरम मेण या हातमोज्याच्या आत शिरतं. मग वरून प्लॅस्टिकची पिशवी आणि आपला सोलापुरी टॉवेल, १५ ते २० मिनिटं. टॉवेल कुठला घ्यायचा हे सोलापुरात सांगायला लागू नये.

पण तुमच्या बाबतीत हे सगळं नीट केलं असतं तरी मी ‘थांबा’ म्हटलं असतं. तुमच्या मजकुरात मध्येच एक ओळ आहे, बाकीच्या रागात हरवलेली. ‘चटका बसला तेव्हा तिला कळलंसुद्धा नाही, शुगर आहे तिला.’ मी पहिल्यांदा वाचताना आकड्यावरच अडकलो, ही ओळ दुसऱ्यांदा वाचताना दिसली. ५४ की ५८ यापेक्षा ही ओळ मोठी आहे. बऱ्याच वर्षांच्या शुगरमध्ये हातापायांच्या नसा बधिर होतात. कुष्ठरोगातही तसंच होतं. ज्या हाताला गरम कळत नाही तो वेळेवर मागे ओढला जात नाही. म्हणून फिजिओथेरपिस्ट मेणाआधी दोन नळ्या घेतात, एकीत गरम पाणी, एकीत गार, पेशंटला डोळे मिटायला सांगून आळीपाळीने कातडीला लावतात आणि कुठली कुठली ते विचारतात. उत्तर चुकलं की मेण नाही. उघडी जखम, कातडीचा संसर्ग, लालबुंद सुजलेला सांधा असेल तरी नाही. आईंची ही तपासणी करून घ्या. फोड बरे होऊन ती तपासणी चांगली आली आणि डॉक्टर हो म्हणाले, तर पुढचं बघू.

हा प्रश्न आम्ही काउंटरवर विचारायला हवा होता. तुम्ही लिहिलंय की आईंनी ३० वर्षं विड्या वळल्या. सोलापूरच्या पूर्व भागातल्या अशा विड्या वळणाऱ्या किती बायका आमच्याकडे येतात, बोटं वाकडी, सकाळी भाकरी थापायला हात उघडत नाही म्हणतात. मेणाने आखडलेपणा थोडा वेळ सैल होतो, दुखणं हलकं वाटतं, आणि त्याच वेळात बोटांचे व्यायाम करून घ्यायचे असतात. संधिवात त्याने जात नाही. ‘मेण लावलं की बरं होईल’ असं आमच्या पोराने सांगितलं असेल तर तेही चुकीचं सांगितलं. आजपासून पाकीट देण्याआधी ‘शुगर आहे का, हाताला गरम-गार कळतं का’ हे विचारलं जातंय. नवं लेबल छापायला दिलंय. त्यावर द्रवणांक वेगळा, हात घालायचं तापमान वेगळं, आणि शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये हे मोठ्या अक्षरात. ५२-५४ एवढंच छापलं की माणूस समजणार, पातळ झालं म्हणजे ५४ झालं. हा गोंधळ आम्हीच केला.

पैसे पूर्ण परत देतो, पाकीट फोडलेलं असो, वापरलेलं असो. पट्टी-औषधाचा खर्च झाला असेल तर बिल आणा, तोही देतो. तारा बदला असं म्हणणार नाही. दुपारी २ ते ४ गर्दी नसते, मुलाला थर्मामीटरसकट घेऊन या, डब्यातला तुकडा काढतो, आकडे त्यालाच लिहू दे. त्याला ५४ ऐवजी काही वेगळं मिळालं तर ते इथंच खाली टाका.

उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइपात गोठून बसेल. पातेल्यासकट आणलंत तरी चालेल.