हिरव्याचा पिवळा कसा करावा

एकरभर काळ्या रानात ज्वारी पेरून शेवटी हातात काय उरतं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. अडचण एवढीच की सरकारी आराखड्याच्या नकाशात तुमचा गट हिरव्या, म्हणजे शेतीच्या पट्ट्यात आहे आणि घरं पिवळ्यात, म्हणजे रहिवासी पट्ट्यात होतात. मग रंग बदलून घ्यायचा. त्याची सोय महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्येच आहे: प्रादेशिक योजना असेल तर कलम २०, विकास आराखडा असेल तर कलम ३७. सूचना निघते, हरकती मागवतात. कलम ३७ मध्ये हरकतींना महिनाभर मिळतो. तो महिना ऐन पेरणीचा असला तर फारच उत्तम. त्या दिवसांत राजपत्र वाचायला कुणाला फुरसत आहे?

तयारी मात्र दोन-तीन वर्षं आधीपासून हवी. रान पडीक टाका. ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, तसं लिहा. गाजर गवत आणि घाणेरी बाकीचं काम फुकटात करतील. फोटो मे महिन्यात काढा, ऑगस्टमध्ये चुकूनही नको. ‘नापीक जमीन’ म्हणून अर्ज करायचा आणि फोटोत गुडघाभर हिरवळ, हे बरं दिसत नाही.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर नशीबवान. वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही, पैसे भरून मोकळं व्हायचं. आणि प्रस्ताव पूर्ण एकराचा करू नका, ३९ गुंठ्यांचा करा. ०.४ हेक्टर झालं की १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते आणि ०.४ हेक्टर म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे. अर्ध्या गुंठ्यासाठी चार गुंठे कशाला घालवता? मुलं काय, डांबरावरही खेळतात.

आता माती. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते, वर बांधलेल्या भिंतींनाही पाडते. म्हणून ती काढायची. ३९ गुंठ्यांची एक फूट माती म्हणजे जवळपास ४२५ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). नर्सरीवाले आणि फार्महाऊसवाले रांग लावून नेतात. तिच्या जागी मुरूम. रस्त्याच्या पातळीला यायला तीन फूट भर घालायची तर पावणेतेराशे ब्रास, म्हणजे पाच ब्रासच्या डंपरच्या अडीचशे खेपा. मुरूम मागच्या टेकडीचा घ्या, वाहतूक वाचते. टेकडी उघडी पडली की पहिल्या मोठ्या पावसात उरलेला मुरूम स्वतःच खाली येतो, त्या खेपेचं भाडंही लागत नाही.

रानातून ओढा जात असेल तर घाबरू नका. आठ महिने कोरडाच असतो, त्याला ‘चर’ म्हणा. दोन फुटी सिमेंटचा पाइप टाकून वरून रस्ता न्या. हिशेब हवाच असेल तर असा: तासाला ६० मिलीमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा वाहून आला, तर त्या पाइपातून साधारण १२ एकरांचं पाणी जाईल. तुमच्या ओढ्याला वरून दीडशे एकर येऊन मिळत असेल, तर उरलेल्या पाण्याने कुठे जायचं ते त्याचं ते ठरवेल. बहुधा शेजाऱ्याच्या कांद्यात. तुमची जमीन आता दोन फूट उंच आहे, तुम्हाला काय त्याचं!

(मुळशी-मावळातलं भातखाचर असेल तर एक काम जास्तीचं: बांध मोडणे. दहा सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर ३९ गुंठ्यांच्या खाचरात सुमारे चार लाख लिटर साठतं आणि सावकाश जिरतं. असला आळशीपणा प्लॉटिंगमध्ये चालत नाही.)

बांधावरची करंज, बोर, बाभूळ आधीच उतरवा; त्यांच्या सावलीत प्लॉट दिसत नाहीत. ब्रोशरमध्ये ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहिलंय म्हणून प्रवेशद्वारापाशी रॉयल पाम लावा. त्यात पिंगळ्याला घर करता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पिंगळा गेला की उंदीर वाढतात, उंदरांमागे घोणस येते, म्हणून प्लॉटधारकांच्या ग्रुपवर सर्पमित्राचा नंबर पहिल्या दिवशीच टाकून ठेवा.

मग सांडपाणी. एका गुंठ्याच्या प्लॉटचं खास सौंदर्य इथे आहे. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, बरोबर ३३ बाय ३३. शोषखड्डा आणि बोअर यांत निदान १५ मीटर अंतर असावं असं जाणकार म्हणतात. बोअर ईशान्येला घ्या आणि शोषखड्डा पार नैर्ऋत्येच्या टोकाला. आता टेप धरा: कर्ण भरतो ४६ फूट ८ इंच, म्हणजे १४.२ मीटर. पंधरा मीटर त्या प्लॉटात मावतच नाहीत. शिवाय तुमच्या खड्ड्यापासून आठ फुटांवर शेजाऱ्याचं बोअर, कारण वास्तुशास्त्र त्यालाही ठाऊक आहे.

खड्डा काळ्या मातीत असेल तर पाणी जिरत नाही, श्रावणात वर येतं. खोल नेऊन भेगाळ पाषाणापर्यंत पोचवलात तर मात्र झकास जिरतं, म्हणजे गाळलं न जाता भेगेभेगेने थेट खाली उतरतं. पंचवीस घरं, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर वापर: रोजचे जवळपास १७ हजार लिटर, त्यातलं बहुतेक खड्ड्यात. पाणी तपासायला देऊ नका. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि असले आकडे विक्रीच्या वेळी आडवे येतात.

अंगणात पेव्हर ब्लॉक, खाली सिमेंट. पाणी मुरायला फट ठेवू नका, गवत उगवतं. गुंठाभर जागेवर १०० मिलीमीटर पाऊस पडला की सुमारे १० हजार लिटर पाणी पडतं. पुण्याजवळच्या गावात टँकर येतो तोही साधारण तेवढाच. पावसाळ्यात आपला टँकर गटारात सोडायचा आणि एप्रिलपासून दुसऱ्याचा विकत घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. शेजारचा गुंठाही घेऊन हजार चौरस फुटांची लॉन ठेवली असेल तर उन्हाळ्यात तिला रोज साडेचारशे लिटर लागतात, म्हणजे बावीस दिवसांत एक टँकर तिचाच.

बोअर आटलं की आणखी खोल न्या. शेजारीही नेतील.

टँकरवाल्याला ‘कुठून भरलं?’ असं विचारू नये. तो ओढ्याच्या खालच्या अंगाच्या विहिरीवरून भरतो. तिथल्या शेतकऱ्याने अजून जमीन विकलेली नाही आणि गेली दोन-तीन वर्षं त्याच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी टिकतं. तुमचे पंचवीस शोषखड्डे बरोबर तिच्या वरच्या अंगाला आहेत.