मेणकिड्यावर फवारा मारा म्हणणाऱ्यांनो, आधी पेटी उघडून बघा

रविवारी सकाळी मामीचा फोन आला, "माशा दारात मरून पडल्यात, लवकर ये." पोहोचलो तर मधपेटीपुढं सातेरी, म्हणजे आपल्या देशी मधमाशांचा, सडा. काही अजून पाय झाडत होत्या, बऱ्याच जणींच्या सोंडा बाहेर आलेल्या. विष लागलं की माशी अशी मरते. आदल्या संध्याकाळी मामांनी झुरळांचा स्प्रे पेटीत मारला होता. कारण विचारलं तर मोबाईल पुढं केला.

मेसेज असा (मेणकिडा म्हणजे पोळ्यातलं मेण खाणारी पतंगाची अळी, थाई सॅकब्रूड म्हणजे मधमाशीच्या अळ्यांना होणारा विषाणूचा रोग, मेलिफेरा म्हणजे परदेशी मधमाशी): 'पेटीत मेणकिडा दिसला की थाई सॅकब्रूड आलाच समजा. हा किडाच विषाणू आणतो. लगेच कीटकनाशक फवारा. त्या पेटीतला मध खाऊ नका, माणसाला रोग होतो. सातेरी सोडा, मेलिफेरा आणा, तिला कीड-रोग लागत नाही.'

मधाचं आधी उरकतो. सॅकब्रूडचा विषाणू माशांचा आहे, माणसाला होत नाही. मामांच्या त्या पेटीतला मध मात्र आता खाऊ नये, आणि तो स्प्रेमुळे.

मेलिफेराला रोग लागत नाही, हे तर धडधडीत खोटं. व्हरोआ हा कोळ्याच्या जातीचा बारीक जीव मुळात आपल्या सातेरीच्याच अंगावर जगणारा. सातेरी एकमेकींच्या अंगावरून तो उपटून काढतात, आणि त्यांच्यात तो वाढतो मुख्यतः पोळ्यातल्या नरांच्या घरांत. मेलिफेराला ते नीट जमत नाही, म्हणून जगभर तिच्याच वसाहती त्यानं मोडीत काढल्या.

आता किडीनं रोग पसरतो का? पसरतो, एवढं मान्य करावं लागतं. हवाई बेटांचा अभ्यास २०१२ साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत आला. तिथं ओआहू बेटावर २००७ साली आणि बिग आयलंडवर २००८ साली व्हरोआ सापडला. पंख वाकडे करणारा विषाणू आधी साधारण १० टक्के वसाहतींत होता, व्हरोआ पसरला तिथं तो १०० टक्क्यांपर्यंत गेला. पण व्हरोआ माशीला चावतो, विषाणू थेट तिच्या अंगात सोडतो. मेणकिडा माशीला चावतच नाही. तो मेण, पराग आणि पोळ्यातल्या जुन्या कातींवर जगतो. त्याच्या अळीत माशांचे काही विषाणू सापडलेत, फाउलब्रूड या माशांच्या अळ्यांच्या जिवाणू-रोगाचे बीजाणू त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. म्हणून किडकं पोळं दुसऱ्या पेटीत घालू नये, हे खरं. पण त्यावरून सॅकब्रूड तोच आणतो, हे कुठून काढलं?

थाई सॅकब्रूड आपल्या देशात १९७८ साली मेघालयात नोंदला गेला. १९९१-९२ मध्ये दक्षिणेत त्यानं सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या. रोगट अळी घरात डोकं वर करून मरते. चिमट्यानं उचलली तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. ती साफ करणाऱ्या माशीच्या अंगात विषाणू जातो आणि तिनं भरवलेल्या अन्नातून पुढच्या अळीत. एका पेटीतून दुसरीत तो नेतो कोण? बऱ्याचदा आपणच, पोळ्यांच्या चौकटींची अदलाबदल करून आणि कुठूनही वसाहत विकत आणून. वसाहत खचली, माशा कमी पडल्या, पोळी उघडी पडली की मगच मेणकिड्याचं फावतं. मेसेजवाल्यानं क्रम उलटा लावलाय.

आणि फवारा! मेणकिडा पतंगाची अळी आहे, माशीही कीटकच. एकाला मारणारा झुरळांचा स्प्रे दुसरीला कसा सोडेल? मामांच्या पेटीत राणी मेलेली सापडली. चौकटी एकेक उन्हात धरून पाहिल्या. पिल्लं पांढरीशुभ्र होती, सॅकब्रूडची एकही अळी नाही. मेणकिडा होता तो कडेच्या एका जुन्या काळ्या पोळ्यात, दोन बोटं जाळी. चाकूनं कापून काढली असती तर दहा मिनिटांचं काम होतं. एक धडधाकट वसाहत त्यापायी गेली.

सॅकब्रूडवर औषध नाही. पेटी वेगळी ठेवा, तिच्या चौकटी कुठं हलवू नका, रोगट पोळी जाळा, राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवा. मेणकिड्यासाठी तळाची फळी दर आठवड्याला खरवडा, फटी बुजवा, माशांना झाकता येतील तेवढीच पोळी ठेवा.

मामांच्या उरलेल्या दोन पेट्यांत स्प्रे गेला नव्हता. त्यांच्या तळाच्या फळ्या काल आम्ही दोघांनी मिळून खरवडल्या. मेसेज ज्यांनी पुढं ढकलला, त्यांनी त्याच ग्रुपवर हेही टाकावं.