सिनेमात असं नव्हतं म्हणे!

दरवेळी तेच! टीव्हीवर संगीतनाटक थेट सादर झालं रे झालं, की लोक सिनेमाची फूटपट्टी घेऊन हजर. २०१३ मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीने ‘द साउंड ऑफ म्युझिक’ लाइव्ह केलं, त्यावरची ओरड अजून थांबत नाही. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे गाणं मठात का? वादळी रात्री मुलांसोबत का नाही? अहो, १९५९च्या मूळ ब्रॉडवे नाटकात ते मठातच आहे! नायिका मारिया आणि मठाची प्रमुख मदर अ‍ॅबेस मिळून गातात. वादळात ‘लोनली गोटहर्ड’ हे गाणं येतं. फिरवाफिरव केली ती १९६५च्या सिनेमाने. मॅक्स आणि एल्सा या पात्रांची गाणीही त्यानेच कापली. ती या लाइव्ह प्रयोगात परत मिळाली, त्याचं कुणाला सोयरसुतक नाही.

यात मारिया झालेल्या कॅरी अंडरवुडचा अभिनय कच्चा होता, मान्य, त्यावर खुशाल बोला. पण सिनेमातल्या मारियाला, ज्युली अँड्र्यूजला, रिटेक होते, खरेखुरे आल्प्स होते, संकलकाची कात्री होती. इथे समोर प्रेक्षकसुद्धा नाहीत. गाणं संपतं, टाळी पडत नाही, आणि धाप लागलेली असतानाच पुढचा संवाद म्हणायचा. चुकलं तर चुकलं, देशभर दिसलं. तुलनाच करायची तर निदान रंगमंचावरच्या प्रयोगाशी करा ना!