दातओठ खाऊन

बेचाळिसाव्या वर्षी जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला जाणारी बाई पहिल्यांदा कुठे आपटते? गुडघ्यावर. स्वतःच्याच, आणि तेही हनुवटीनं. फ्रंट रोलमध्ये, म्हणजे पुढच्या कोलांटीत, गुडघे पोटाशी घ्यायचे असतात. मी ते इतक्या जिव्हाळ्यानं घेतले की उजवा गुडघा हनुवटीवर बसला आणि मध्ये जीभ सापडली. आठवडाभर गुरगुट्या भात.

"काकू, तोंड मिटून मारायचा असतो," शेजारच्या मॅटवरची आठ वर्षांची चिमुरडी म्हणाली. आधी सांगायला काय झालं होतं?

डेंटिस्टनं माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचं कवच, लावायला सांगितला. मला वाटायचं, हे बॉक्सरांचं प्रकरण. सुरुवात त्यांच्यापासूनच झाली म्हणा. लंडनच्या वूल्फ क्राउझ नावाच्या दंतवैद्यानं १८९० मध्ये बॉक्सरांच्या दातांवर गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाच्या, पट्ट्या बसवल्या होत्या. पण गुडघा-हनुवटी भेट जिम्नॅस्टांमध्ये जुनीच आहे म्हणे. मापाचा करून घ्यायचा तर दातांचं माप, प्लास्टरचा साचा, त्यावर तापवलेली प्लास्टिकची शीट असा सगळा सोहळा. मी बाजारातला आणला, गरम पाण्यात मऊ करून चावायचा. चहाच्या पातेल्यात तो वीसेक सेकंद बुडवायचा होता. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. फोन ठेवला तेव्हा पातेल्यात शिजलेली भेंडी होती.

दुसरा नीट बसला. तो लावून मी सरांना म्हटलं, "शल, जमत नाई." सरांनी मला खाली बसवलं आणि पाणी मागवलं.

एवढं होऊनही हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटं उभं राहताना, मी डावीकडेच कलंडत होते. डेंटिस्टनं पुन्हा तपासलं. निळा कागद दातांत धरून म्हणाले, "चावा. आता घासा." आरशात दाखवलं तर उजव्या दाढेवर ठसठशीत निळा ठिपका, डावीकडे जेमतेम. दाढेतलं जुनं फिलिंग उंच होतं. "चावा एकसारखा बसत नाही तुमचा."

मला इतका आनंद कधी झाला नव्हता. तोल जातो तो चाव्यामुळे! वजन, वय आणि रविवारची मिसळ एका झटक्यात निर्दोष. चाव्याचा तोलाशी आणि ताकदीशी संबंध असतो का, यावर बरंच संशोधन झालंय. दात घट्ट आवळले की काहींची ताकद किंचित वाढलेली दिसते, काहींच्या बाबतीत ढिम्म फरक पडत नाही. आपली भाषा मात्र कधीचीच दातओठ खाऊन जोर लावतेय, तिला प्रयोगशाळा लागली नाही. डेंटिस्ट स्वतः मोघम म्हणाले, "फार आशा ठेवू नका." पण ते मी ऐकलं नाही, तोंडात मशीन असताना ऐकू कमी येतं. फिलिंग घासून झालं, निळे ठिपके दोन्हीकडे सारखे उमटले.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सगळ्यांना थांबवून मी हँडस्टँड मारला. दोन सेकंद उभी होते, खरंच. मग उजवीकडे पडले.

सर म्हणाले, "दिशा बदलली, ताई."