पाळी जाताना झोप उडते, तेव्हा ध्यान नेमकं कुठे कामाला येतं?

"ध्यान करत जा, शांत झोप लागेल" असं पाळी जायला आलेल्या बाईला सगळेच सांगतात. कसं, कधी, किती वेळ, हे कुणी सांगत नाही. मग चार रात्री करून गुण आला नाही की ती बिचारी "माझं मनच लागत नाही" म्हणून स्वतःलाच दोष देते.

अंगातून निघणाऱ्या वाफा ध्यानानं बंद होत नाहीत, हे आधी मान्य करू. इस्ट्रोजेन हे बायकांच्या अंगातलं हार्मोन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं आणि जराशा उष्णतेनंही घाम सोडतं. वाफ बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत ओसरते. झोपेचं खरं खोबरं त्यानंतर होतं. उद्या आठ दिवसांनी नळाला पाणी यायचंय, डबे करायचेत, आता काही डोळा लागत नाही, या घोळात दोन तास जातात. ध्यान कामाला येतं ते या दोन तासांत.

सवय मात्र दिवसा लावायची. रात्री दोनला नवं काही शिकता येत नाही. दिवेलागणीच्या आधी 10 मिनिटं भिंतीला पाठ टेकून बसा. नाकानं श्वास घेताना मनात 4 मोजा, सोडताना 6. पोट हलू द्या, छाती फुगवू नका. जोर लावला की चक्कर येते, ओठांना मुंग्या येतात, कारण कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तसं झालं तर मोजणं सोडा. दोन-तीन आठवडे एवढंच.

उशाशी पाण्याचा तांब्या, ओला पिळलेला पंचा आणि बदलायला सुती गाऊन ठेवा. पॉलिस्टरचा गाऊन घाम शोषत नाही, मग ओल्या अंगाला थंडी वाजून पुन्हा जाग येते. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर लावून खिडक्या गच्च बंद करतात. खोली दमट होते, घाम वाळत नाही. एक खिडकी उघडी हवीच.

वाफ आली की पांघरूण सारा, पंचा मानेवर ठेवा आणि ती कुठून निघाली ते बघा. छाती, मान, कान, कपाळ, मग पाठीला घाम, मग गारवा. मनात फक्त "चढतेय", "उतरतेय" म्हणा. ओसरल्यावर आडव्या व्हा. उजव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून तळवा, टाच, घोटा, पोटरी असं वर या. एका जागी एक सावकाश उच्छ्वास. गुडघ्यापर्यंत जायच्या आत मन पाण्याच्या टाकीवर जाईल. जाऊ द्या, पुन्हा जिथे होतात तिथेच या, अंगठ्यापासून सुरू करायची गरज नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती "आली का झोप?" ही तपासणी. झोपेवर पहारा बसवला की ती येत नाही. घड्याळ नजरेआड ठेवा. अंदाजे 20 मिनिटं जागंच वाटलं तर उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत अंथरुणावर. उठायची वेळ रोज तीच ठेवा, रात्र कशीही गेली तरी.

ज्यांची गर्भाशयाची पिशवी काढली त्यांचं दुखणं वेगळं. बीडच्या ऊसतोड बायकांचा हा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. तिशी-पस्तिशीत पिशवीसोबत अंडाशयही गेली असतील तर वाफा एकदम आणि जोरात येतात. अशा बाईला नुसतं "श्वास मोज" सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तिला डॉक्टरांकडून हार्मोनच्या उपचाराबद्दल नीट विचारून घ्यायचा हक्क आहे.

बाकीच्यांनीही थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि साखर एकदा तपासून घ्या. मोठ्यानं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर तेही सांगा. आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेलं, थेंबभर जरी, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.